दहा वर्षांच्या कांडीचा वाढदिवस

हेडविग ब्रिंकहाउसला ग्रात्सच्या प्रयोगशाळेतल्या झांगर्लचं तोंडही बघवत नसे, तरी आज तिने त्याला मुद्दाम बोलावलं होतं. नाक ठेचायचं तर माणूस समोर हवा.

ड्युसबर्गच्या तिच्या प्रयोगशाळेत पोलादी कांडीचा वाढदिवस साजरा करायची पद्धत होती. भट्टीत सहाशे अंशांची आच, खाली टांगलेलं वजन. कांडी वर्षानुवर्षं कणाकणाने लांबते आणि एक दिवस तुटते. दोन्ही प्रयोगशाळांनी एकाच पोलादाच्या कांड्या वाटून घेतल्या होत्या. झांगर्लच्या सगळ्या तुटल्या. हेडविगची दहा वर्षं टिकली, आणि तिच्याच भरवशावर नव्या वीजकेंद्रात त्याच पोलादाचे वाफेचे नळ बसणार होते.

"या, झांगर्ल," केकवर सुरी धरून ती म्हणाली. "तुमच्याकडे वाढदिवसापर्यंत काही टिकत नाही, म्हणून बोलावलं."

"भट्टी थंड असेल तुमची, बाई."

"तिघांकडून तपासलीय. उगाच जळू नका! अहो, गेल्या दोन वर्षांत ही केसभरसुद्धा लांबलेली नाही."

झांगर्ल भट्टीजवळ गेला.

"केसभरही नाही? भार असला की पोलाद लांबतंच."

तो गुडघ्यांवर बसला आणि केकसोबतचा कागदी रुमाल त्याने वजनाखाली सरकवला. वजन अधांतरी असतं तर रुमाल सहज गेला असता. तो अडकला.

खाली जाड रबरी गादी होती. शेजारची दुसऱ्या पोलादाची कांडी तुटली तेव्हा वजन आदळून खोली हादरली होती, म्हणून हेडविगनेच ती घातली होती. शिवाय, आच तपासणाऱ्यांनाही यंत्राला हात लावू दिला नव्हता. कांडी लांबत गेली, वजन उतरत गेलं आणि गादीवर टेकलं. दोन वर्षं कांडी भाराविना नुसती शेकत बसली होती.

"लोळायला गादी घातलीत होय लाडकीला!" झांगर्ल खो खो हसला.

त्याच्या थोबाडीत द्यावी असं हेडविगला वाटलं. त्याहून जास्त स्वतःच्या.

"हसून झालं? मग हे कापा." तिने सुरी त्याच्या हातात कोंबली. "आज वाढदिवस तुमचा."

तिथेच, सगळ्यांसमोर, तिने वीजकेंद्राला फोन लावला.

"नळ बसवू नका. फुटतील."

"कोण म्हणतंय? ग्रात्सवाले?"

झांगर्लकडे बघत ती म्हणाली, "हो. आणि आता मीही."