घरचा चार्ज

रविवारी पोह्यांबरोबर एक इंग्रजी शब्द, हा श्यामकांत देवस्थळींच्या घरचा नेम. सरकारी नोकरीत बदल्या होत गेल्या, गावं सुटली, नेम काही सुटला नाही. त्या रविवारी बागबाजारच्या घरात त्यांनी ‘चार्ज’ काढला. दुसऱ्या दिवशी ते निवृत्त व्हायचे होते; एस्प्लनेडच्या कचेरीत नव्या साहेबाला चार्ज द्यायचा होता.

“मुळात लॅटिनमधला गाडा,” कोश मांडीवर घेऊन ते म्हणाले. “मग गाड्यावर लादलेलं ओझं. तोफेतली दारू, बॅटरीतली वीज, कोर्टातला आरोप, सगळी ओझीच. आपल्या लाठीचार्जपर्यंत आलाय बघ तो गाडा.”

“आणि भाजीवाला तुम्हाला करतो तो?” त्यांच्या पत्नी सरलाबाईंनी विचारलं. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली होती, जीभ नव्हती.

“तो खिशाचं ओझं उतरवतो!”

त्यांची मुलगी वृंदाही हसली. तेवढ्यात तिच्या अप्पांनी किल्ल्यांचा जुडगा तिच्यापुढे धरला. लहानपणापासूनचा खेळ होता हा. दौऱ्यावर निघताना ते तिला किल्ल्या देत. ती मोठ्यानं ‘चार्ज घेतला’ म्हणाली की मगच बूट घालत.

“आता दौरे संपले. आईचा, घराचा कायमचा चार्ज तुझ्याकडे.”

टेबलावर पुण्याच्या कॉलेजातल्या तिच्या नेमणुकीचं पत्र पडलेलं होतं. ते दोन शब्द म्हटले की पुणं संपलं, हे तिला कळत होतं. त्यांनाही कळत असावं.

“अप्पा, पुरे ना. मी काय आता लहान आहे?” तिने जुडगा घेऊन पत्रावर ठेवला.

“बरं, उद्या घे,” अप्पा म्हणाले आणि कोश मिटला.

सोमवारी संध्याकाळी ते ज्या ट्रामने परतत होते तिच्यावर कोणीतरी बॉम्ब टाकला. गेल्या वर्षापासून शहरात हे चाललंच होतं. ट्रामा बंद पडल्या, गाड्या मिळेनात. शेजारचे मनोहरबाबू आणि दोन हमाल त्यांना ठेल्यावर घालून घेऊन आले. ठेला आखूड होता. अप्पांचे पाय फळीबाहेर लोंबत होते, एका पायात बूट नव्हता.

सरलाबाई भिंत चाचपत दारात आल्या.

“गाडा कसला गं हा? कोणाचं सामान?”

त्यांनी पुढे होऊन हात लावला. फळी, मग धोतराचा काठ, मग उघडं पाऊल. तिथे हात थांबला. त्या पाऊल चोळू लागल्या, थंडीत गार पडल्यावर चोळावं तसं.

वृंदा आत गेली. जुडगा कालच्याच जागी, पत्रावर होता. तो उचलून ती बाहेर आली. आईच्या खांद्यावर हात ठेवून ती ठेल्याजवळ उभी राहिली. हमाल गमछ्याने घाम पुसत होते. गल्ली तिच्याकडे बघत होती. लहानपणी म्हणायची तसं, पलीकडच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

“चार्ज घेतला, अप्पा.”