पळती अक्षरं

माझी नात काजल शहरात, जरीपटका भागात, खोली घेऊन राहते आणि संगणकावर अक्षरं घडवते. यंदा उन्हाळाभर ती एकाच फॉन्टच्या मागे होती. बारीक, उजवीकडे कललेला, रेषेची जाडी सगळीकडे सारखी, कुठे फुगवटा नाही की शेपूट नाही. मी साठी उलटल्यावर प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकले, त्यामुळे तिच्या शेजारी बसून एकेक अक्षर ओळखायचा मला नादच लागला होता.

पहिलं काम मिळालं ते कळमेश्वर रस्त्यावरच्या डॉक्टर प्रेमलताबाईंच्या दवाखान्याचं. पसंत पडलं तर तिथल्या सगळ्या पाट्या तिच्याच. नाही तर तिच्या बापानं, माझ्या रुपरावनं, बजावून ठेवलं होतं, सामान बांध आणि गावी ये.

काचेच्या दारावर तिनं पांढऱ्या स्टिकरची ओळ चिकटवली. 'साप चावला असेल तर थांबू नका, थेट आत या.'

"तिरपं काहून केलं वं?" मी विचारलं.

"घाई दिसली पाहिजे ना. अक्षरं पळून राहिली, आजी."

डॉक्टर बाहेर आल्या. "सुंदर आहे. पण माझे पेशंट मोटारसायकलवर, घाबरलेले येतात. जिजाबाई, पलीकडे जाऊन वाचून दाखवा बरं. तुम्हाला वाचता आलं तर ठेवू."

रस्ता ओलांडून मी वळले. काचेवर ऊन आणि ट्रकांच्या सावल्या. अक्षरं कुठली, नुसते ओरखडे. ओळ मला तोंडपाठ होती. घडाघडा म्हटली असती तर पोरीचं काम झालं असतं. ती दाराशी ओढणी मुठीत आवळून उभी होती. आणि माझ्या डोळ्यांपुढे येत होता तो मोटारसायकलच्या मागच्या सीटवर मान टाकलेला माणूस, आणि दार शोधणारा त्याचा भाऊ.

"नाही दिसत!" मी ओरडले.

"आजी! तुले तं पाठ हाये ना!"

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. काजलचा चेहरा लाल झाला. ती तरातरा रस्ता ओलांडून माझ्याजवळ आली आणि माझ्याकडे न बघता दाराकडे बघत राहिली. एक ट्रक गेला, मग दुसरा; ती ओळ तिलाही लागेना.

"बाबाले तूच सांगजो आता," ती पुटपुटली.

"सांगीन."

ती परत गेली. "मॅडम, ही ओळ जाड आणि उभी करून आणते. आजच."

"आणि हे पळणारं?"

"हातात धरून वाचायच्या जागी. औषधाच्या पाकिटावर दवाखान्याचं नाव, वेळ. औषध कसं घ्यायचं ते मात्र या अक्षरात नाही."

"आधी दार करा. मग पाकिटाचा नमुना दाखवा, बघू."

काजलनं नखानं स्टिकरचं टोक उचकटलं. "धर. कलतं हाये तसंच ओढ, नाही तं तुटते."

मी ओढलं. तुटलंच.

"काहीच येत नाही तुले," ती म्हणाली आणि पुढच्या अक्षराचं टोक माझ्या हातात दिलं.