मधली जागा

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं म्हणून गवतवाल्या बाईंनी दोन महिने रजा घेतली आणि तिथेच घात झाला.

संशोधन केंद्रात सगळे त्यांना याच नावानं ओळखत. एकदा लावलं की वर्षानुवर्षं कापत राहायचं, असं इंधनासाठीचं उंच गवत त्यांनी लावलं होतं. काही वाफ्यांत दाट, काहींत विरळ. विरळ लावलं तर रोपं कमी लागतात. पण पुढे पसरून ते दाट गवताइतकंच उत्पन्न देतं का? उत्तर तिसऱ्या कापणीला मिळणार होतं.

रजेवरून येऊन बघतात तो काय, विरळ वाफ्यांत मधोमध नवी रोपं!

"पाहुणे यायचे होते," केंद्राचे साहेब म्हणाले. "टक्कल पडल्यासारखं दिसत होतं. घेतलं भरून. आभार राहू द्या."

"साहेब, ते टक्कल म्हणजेच प्रयोग होता!"

"अहो, जागा वाया जात होती."

बाई कुदळ घेऊन वाफ्यात उतरल्या. पण मुळांचा असा गुंता झालेला की नवं उपटलं की जुनंही हातात येई. शेवटी कुदळ फेकून त्या मटकन बांधावर बसल्या.

घरी सासूबाई हळहळल्या. "माझ्यापायी झालं गं."

"तुमच्यापायी काय, आई! त्यांना रिकामं बघवत नाही."

"मग दुसरा गुडघा इतक्यात नको. तुझं गवत आधी."

बाईंना हसू आलं, पण क्षणभरच.

साहेबांची रोपं संपल्यामुळे कुंपणाकडचा एकच विरळ वाफा वाचला होता. तिसऱ्या कापणीत त्याचं वजन दाट वाफ्यांच्या जवळपास भरलं. बाई हरखल्या आणि लगेच चिडल्या. एका वाफ्यावर कोण विश्वास ठेवणार? तिथली मातीच चांगली असेल!

साहेब मात्र खूश. "बघा, फरक पडतच नाही. मग मी भरलं तर बिघडलं कुठे?"

बाईंनी कपाळाला हात लावला. महिनाभर मागे लागून त्यांनी पंपघरामागची जमीन मिळवली आणि पुन्हा पहिल्यापासून लावणी सुरू केली. साहेब फेरी मारायला आले, थबकले.

"इकडे जरा विरळ..."

"साहेब!"

बाई एवढ्या जोरात ओरडल्या की पंपवाला बाहेर डोकावला. साहेब हात मागे बांधून चालू लागले. बाईंनी पुढचं रोप उचललं. राग अजून उतरला नव्हता. रोप वाकडं लागलं, ते उपटून त्यांनी पुन्हा लावलं.