चौदा प्रती

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी कृत्रिम पाय बनवणाऱ्या कार्यशाळेतल्या दोनशे बारा रुग्णांची मापं संगणकावरून गेलेली आढळली. नावं होती, पत्ते होते. पायाचा घेर, लांबी, साच्याचा कल हे रकाने कोरे.

सगळ्यात आधी पाहिलं ते साचेवाल्या काकांनी. हाताला लागलेलं साच्याचं ओलं प्लास्टर तसंच घेऊन ते सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या खोलीत आले.

"अरे कॉम्प्युटरवाल्या, तुझ्या डब्याने माझी माणसं खाल्ली."

कारण अर्ध्या तासात सापडलं. शुक्रवारी दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी नोंदणीच्या खिडकीवरून नवे रुग्ण जोडलेली नाव-पत्त्यांची पूर्ण यादी चढवताना 'भर घाला'ऐवजी 'बदला' दाबलं गेलं होतं. खिडकीवर होती ती सर्व्हरवाल्याची मेहुणी, बायकोची धाकटी बहीण. आठ महिन्यांपूर्वी त्याच्याच शब्दावर तिला इथे घेतलं होतं.

तिला बोलावलं. ऐकून तिचा चेहरा पांढरा पडला, पण क्षणभरच.

"भावोजी, तुमच्या त्या चौदा प्रती आहेत ना? जेवताना दहा वेळा ऐकवलंय. काढा की त्यातली एक. नाहीतर त्यांचं काय लोणचं घालायचंय?"

"काढतो," तो म्हणाला.

कार्यशाळेत सर्व्हर एकच. त्याच्या पोटात पाच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच यंत्रात चालणारे पाच वेगळे संगणक; मापं त्यातल्या तिसऱ्यावर. पूर्वी प्रत्येकाच्या तीस दिवसांच्या बॅकअप प्रती ठेवल्या जात. स्टोरेज त्र्याण्णव टक्के भरल्यावर दोन महिन्यांपूर्वी त्याने व्यवस्थापकांना विचारून नियम बदलला: फक्त शेवटच्या चौदा प्रती ठेवायच्या, जुनी आपोआप पुसली जाईल. रोज रात्री एक प्रत, म्हणजे चौदा दिवस. हिशेब बरोबर होता.

अकरा दिवसांपूर्वी प्रणाली अद्ययावत करायची होती. खबरदारी म्हणून त्याने तिसऱ्या मशीनची प्रत दर दोन तासांनी घ्यायला लावली. काम सुरळीत झालं. मुलीला ताप आल्याचा बायकोचा फोन आला, तो घाईने घरी गेला आणि वेळ पूर्ववत करायची राहिली. तेव्हापासून चौदा प्रती म्हणजे अठ्ठावीस तास. रोज सकाळी पडद्यावर 'चौदापैकी चौदा यशस्वी' असं हिरव्या अक्षरांत येई आणि तो वहीत बरोबरची खूण करी.

आता त्याने यादी उघडली. सर्वांत जुनी प्रत रविवारी सकाळी सहाची. सगळ्या चौदा प्रतींत रकाने कोरे.

चांगली शेवटची प्रत होती शुक्रवारी चारची. ती शनिवारी रात्री आठ वाजता पुसली गेली होती. त्या वेळी मेहुणी त्याच्याच घरी जेवायला होती.

काका दारात उभेच होते. "मिळालं?"

"नाही. मशीनने प्रती नीट घेतल्या नाहीत."

हे वाक्य त्याच्या तोंडून सहज गेलं. काकांनी मान डोलावली. मापांच्या कागदी कार्डांचे सहा खण गेल्या वर्षी त्यानेच रिकामे करायला लावले होते. काका नको म्हणत होते. "कागदाला वाळवी लागते, काका. इथे केसालाही धक्का लागणार नाही," असं तो तेव्हा म्हणाला होता. काकांनी त्या बोलण्याची आठवण काढली असती तर बरं झालं असतं. त्यांनी काढली नाही.

"मशीनचं काय सांगावं," ते म्हणाले. "जमेल तेवढं आठवून लिहितो."

दुपारपर्यंत त्यांनी एकतीस जणांची मापं पाठकोऱ्या कागदांवर लिहिली. बाकीच्यांना पुन्हा बोलवावं लागणार होतं. त्यांना चालायला धड पाय नव्हता, म्हणून तर ते येत होते.

एक वाजता व्यवस्थापकांनी मेहुणीला पत्र दिलं: मंगळवारी सकाळपर्यंत लेखी खुलासा द्यावा, तो समाधानकारक नसल्यास कामावरून कमी करण्यात येईल. सर्व्हरवाल्याला कोणी काही विचारलं नाही. उलट व्यवस्थापक म्हणाले, "तुमची तरी काय चूक? तुमची वही चोख आहे."

वेळ बदलल्याची नोंद सर्व्हरवर होती, त्याच्या नावासकट. ती वाचता येणारा कार्यशाळेत तो एकटाच. पावणेपाचला त्याने तेवढं एक पान छापून घेतलं, चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवलं.

पाच वाजता मेहुणी खोलीत आली. डोळे सुजलेले, तरी थट्टा सुटली नव्हती.

"पुढच्या वेळी मेहुणीला बटणांपासून चार हात लांब बसवा." मग खाली बघत म्हणाली, "ताईला एवढ्यात सांगू नका हं. तिला वाटेल मी तुमचं नाव घालवलं."

"तुझी एकटीची..." त्याने सुरुवात केली.

"राहू द्या, भावोजी. दाबलं तर मीच ना."

तिने खुलासा लिहून आणला होता. तीन ओळी, पहिलीच, 'चूक सर्वस्वी माझी आहे.' पाकीट बंद करून तिने ते व्यवस्थापकांच्या दाराबाहेरच्या ट्रेमध्ये ठेवलं. व्यवस्थापक घरी गेले होते.

त्यानंतर त्याने तिसऱ्या मशीनची वेळ पुन्हा रोज एक प्रत अशी केली.

मंगळवारी सकाळी पावणेदहापर्यंत चार रुग्ण पुन्हा माप द्यायला आले होते. व्यवस्थापकांनी ट्रेमधलं पाकीट उचललं, दार लोटून घेतलं. सर्व्हरवाला दारापासून दोन पावलांवर उभा होता. पान खिशातच होतं.