ब्रेकबाईंचं ताट

ड्रायव्हिंग स्कूलमधले शिकाऊ त्यांना तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे ब्रेकबाई. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, पायाशी आपला वेगळा ब्रेक ठेवायचा आणि त्यानं घाबरून भलतंच काही केलं की तो दाबायचा, हे त्यांचं कित्येक वर्षांचं काम. टोपणनाव त्यांच्या कानावर आलं होतं. त्याचं त्यांना वाईट वाटलं नव्हतं. वाईट वाटून घ्यायलाही थोडी ताकद लागते, आणि ती संध्याकाळपर्यंत उरत नसे.

घरी आल्या की दुसरी पाळी सुरू. सासूबाईंना मऊ हवं, नवऱ्याला झणझणीत, आणि कॉलेजात जाणारी लेक निम्मं ताटात टाकून उठणार. सगळ्यांचं झालं की ब्रेकबाई ओट्याशी उभ्या राहून उरलंसुरलं संपवत. लेकीनं टाकलेला भात, सासूबाईंच्या बशीतला अर्धा बटाटा, पावाच्या कडा, पातेल्याच्या तळाची भाजी. फेकायला हात धजत नसे. कुणी विचारलं असतं तर ‘मी कुठे जेवते, चार घास खाते कसेबसे’ असं त्यांनी शपथेवर सांगितलं असतं. ताट घेऊन त्या बसतच नव्हत्या, मग जेवण कुठलं?

परवान्याच्या नूतनीकरणासाठी तपासणी झाली, त्यात साखर वाढलेली निघाली.

“मधुमेह झालेला नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वयानं लहान होत्या, पण बोलणं ठाम होतं. “पण तुम्ही त्याच्या दारात उभ्या आहात. वजन उतरवलंत तर बरेचदा मागे फिरता येतं. मात्र हळूहळू. घाई करायची नाही.”

ब्रेकबाईंनी ‘मागे फिरता येतं’ एवढंच ऐकलं. त्यांच्या आईचे डोळे मधुमेहानं गेले होते. शेवटी शेवटी आई त्यांना आवाजावरून ओळखायची, आणि कधी कधी तेही चुकायचं.

त्यांनी रात्रीचं खाणं बंद केलं. सकाळी नुसता बिनसाखरेचा चहा, दुपारी एखादं फळ. घरात काही सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे पुन्हा सगळ्यांची समजूत आपणच काढायची. आठवडाभरात डोकं ठणकायला लागलं. लेकीनं चप्पल कुठे आहे विचारलं तरी त्या वसकन अंगावर जात. वजनकाटा थोडा खाली आला तेव्हा तेवढं बरं वाटलं.

एके दिवशी गाडीवर एक चष्म्यांचे दुकानदार होते. पन्नाशी उलटलेले, बायकोचा पाय मोडल्यामुळे नाइलाजानं शिकायला आलेले. स्टिअरिंग असं धरायचे, जणू कुणी हिसकावून नेणार आहे. चौकात वळताना एक सायकलवाला अचानक मध्ये आला. ब्रेकबाईंना तो दिसला. ब्रेक दाबायला हवा हेही कळलं. पण डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पाय जागचा हललाच नाही.

गाडी थांबली ती दुकानदारांनी दाबलेल्या ब्रेकवर. सायकलवाला दोन शिव्या घालून निघून गेला.

“मॅडम, तुम्ही दाबला नाहीत?” दुकानदारांनी विचारलं.

“नाही.”

“मला वाटलं, तुम्ही आहात ना.” मग त्यांनी ब्रेकबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. “अहो, तुम्ही पांढऱ्याफटक पडल्या आहात. काही खाल्लंय का सकाळपासून?”

त्यांनी गाडी कडेला घेतली. इंडिकेटर विसरले, पण त्या दिवशी कोण बोलणार? आपल्या डब्यातलं अर्धं त्यांनी ब्रेकबाईंपुढे धरलं. ब्रेकबाई खाता खाता रडायला लागल्या. दुकानदार बिचारे खिडकीबाहेर बघत बसले.

संध्याकाळी त्या दवाखान्यात गेल्या.

“उपाशी राहा असं मी म्हटलं होतं का?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. “मी वजन हळूहळू उतरवायला सांगितलं होतं, जेवण बंद करायला नाही. आधी दिवसभर काय काय खायचात ते सांगा. खरं खरं.”

ब्रेकबाई सांगू लागल्या. ओट्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. त्या चार घासांची यादी तोंडानं बोलून दाखवल्यावर संपता संपेना.

“म्हणजे तुम्ही जेवत होतात. फक्त उभ्यानं, आणि दुसऱ्यांचं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आता असं करा. सगळ्यांबरोबर ताट घेऊन बसा. अर्धं ताट भाजी, बाकी थोडं थोडं. रोज थोडं चाला. आणि उठल्यावर ओट्याशी जायचं नाही.”

“मग उरलेल्याचं काय?”

“ते घर बघेल. तुमचं पोट म्हणजे घरातलं जादाचं भांडं नाही.”

त्या रात्री त्यांनी घरात सगळं सांगितलं आणि ताट घेऊन बसल्या. जेवण झाल्यावर टेबलावर उरलेलं तसंच पडून राहिलं. सगळे त्याच्याकडे बघत होते.

“एवढंसं तर आहे, संपवून टाक ना,” नवरा सवयीनं म्हणाला.

“तू संपव.”

त्यानं संपवलं. दुसऱ्या दिवशीही संपवलं. तिसऱ्या दिवशी पोटावर हात फिरवत म्हणाला, “रोज एवढं उरतं? आणि ते सगळं तू खात होतीस?” तेव्हापासून लेकीला वाढताना तो आधी विचारायला लागला, “खाणार आहेस की नुसतं घेणार आहेस?”

सासूबाई मात्र फुगल्या. बशीत अर्धा बटाटा ठेवायच्या आणि तोंड फिरवून बसायच्या. एका दुपारी ब्रेकबाईंनीच विषय काढला.

“आई, जात नसेल तर तुम्हाला कमी वाढू का?”

“जात नाही असं नाही.” सासूबाई पदराशी चाळा करत राहिल्या. “मी ठेवायचे. तुझ्यासाठी.”

“माझ्यासाठी?”

“तू कधी बसलीस का आमच्याबरोबर? मला वाटायचं, हिला काही उरत असेल की नाही देव जाणे. म्हटलं, आपल्यातलं थोडं राहू दे. आता तू तेही नको म्हणतेस.”

इतकी वर्षं ब्रेकबाई ते सासूबाईंचं टाकलेलं म्हणून खात होत्या.

“आता मी बसते ना, आई,” त्या म्हणाल्या. “तुमचं तुम्ही खा. तुमच्या अंगावर कुठे काय आहे!”

“हो, तुझ्याच अंगावर गेलं सगळं,” सासूबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. खूप दिवसांनी.

पुढचं सोपं झालं असं नाही. मधल्या सुट्टीत सरावाच्या मैदानात त्या चालू लागल्या. शिकाऊंना वाटे, बाई चुका मोजत फिरताहेत. गुडघे कुरकुरत. मध्ये महिनाभर काटा हलला नाही, तेव्हा त्यांनी चिडून तो पलंगाखाली सरकवला. ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाला केकचे दोन तुकडे खाल्ले, घरी येऊन स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं जेवल्या. उपाशी मात्र राहिल्या नाहीत.

सहाएक महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. साखर काठावरून जराशी खाली आली होती. वजनही उतरलं होतं, पण लोकांनी ओळखू नये इतकं काही नाही.

“छान!” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“म्हणजे आता थांबले तर चालेल?”

“नाही.”

“वाटलंच मला,” ब्रेकबाई म्हणाल्या.

आनंदानं उड्या माराव्यात असं त्यांना वाटलं नाही. कुठेतरी आवळलेलं काही किंचित सैल झालं, इतकंच. घरी येऊन त्या पलंगावर टेकल्या. दिवसभर एका नवशिक्यानं गाडी इतक्या वेळा बंद पाडली होती की कंबर मोडून आली होती. संध्याकाळचं चालणं बाकी होतं.

“आज राहू दे,” नवरा म्हणाला. “दमलीयेस.”

“दमलेय तर रोजच.”

त्यांनी बूट पायात सरकवले, थोडा वेळ नाडी न बांधताच बसून राहिल्या, मग वाकून बांधली. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत गेल्या आणि परत आल्या. त्या दिवशी तेवढंच जमलं.