पेटी पुढच्या सीटवर

मित्रांनो, मी एक जुनी लाल गाडी आहे. वय सोळा. रंग उडालाय, उजव्या दाराला खाऱ्या वाऱ्याने गंज धरलाय, पण स्वभाव काही बदलला नाही. उभं राहणं मला मुळीच सोसत नाही.

कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर माझा जन्म झाला. तेव्हा वाटलं, आता जन्मभर असंच पुढे जायचं! मग शोरूमच्या काचेआड चार महिने उभी केली आणि माझे डोळे उघडले. तिथून मला रत्नागिरीच्या मांडवीत आणलं ते उल्काताईंनी. त्या बँकेत नोकरीला होत्या. शेजारचे आप्पा म्हणाले, "उल्का, चालवायला माणूस ठेव हो." ताईंनी आप्पांनाच शेजारी बसवून भाट्याच्या पुलापर्यंत फिरवून आणलं. परत आल्यावर आप्पा म्हणाले, "हात चांगला आहे तुझा." ते माझंच कौतुक, असं मी धरून चालले.

ताई निवृत्त झाल्यापासून दर मे महिन्यात आम्ही दोघी ठाण्याला जातो. तिथे त्यांची मुलगी उर्वी राहते. तिला आंब्याची पेटी पोचवायची असते. ट्रान्सपोर्टने पेटी पाठवणं ताईंना पटत नाही. आपल्या कलमाचा आंबा आपणच न्यायचा, तोही किनाऱ्याच्या रस्त्याने. पेटी पुढच्या सीटवर बसते, पट्टा लावून.

मागच्या वर्षी ताईंच्या डाव्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. बऱ्या झाल्या, पण डॉक्टरांनी बजावलं, "गाडी चालवा, पण तासाभराने उतरायचं आणि वीस मिनिटं चालायचं. नाहीतर पुन्हा गाठ होईल आणि जिवावर बेतेल."

झालं! यंदा निघालो आणि माझा छळ सुरू झाला. आरे-वारेला ताई उतरल्या, वाळूत लांबवर चालत गेल्या. जयगडला किल्ल्याच्या तटावरून फेरी मारून आल्या. मी उन्हात नुसती धुमसत होते. आत्ता कुठे इंजिन रंगात आलं होतं! शेजारून एक टेम्पो गेला, तोही माझ्यापुढे. अंगाचा तिळपापड झाला.

जयगडहून फेरीबोटीने आम्ही तवसाळला उतरलो. हेदवीला बामणघळीत लाटा कशा उसळतात ते पाहून ताई परतल्या आणि दार उघडताच थबकल्या. आत नुसता घमघमाट! बंद काचांच्या आत पेंढ्यातले आंबे भराभर पिकत होते. ताईंनी पेंढा बाजूला करून एक आंबा हलकेच दाबला. "अगं बाई, हे तर रात्रीपर्यंत मऊ पडतील. आता कुठे थांबायचं नाही," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वेळणेश्वर मागे पडलं, गुहागर मागे पडलं. धोपाव्याच्या फेरीबोटीवर सगळे उतरून कठड्याशी उभे राहिले, पण ताई सीटवरच बसून पेटीला वर्तमानपत्राने वारा घालत होत्या. त्या मधूनमधून डावी पोटरी चोळत होत्या. मी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

दाभोळहून दापोलीचा चढ लागला. वळणावर समोरून एसटी आली. ताईंनी ब्रेक दाबला, पण क्लचवरचा पाय हललाच नाही. बधिर झाला होता तो. मी गचका खाऊन रस्त्याच्या मधोमध बंद पडले. एसटी माझ्या नाकापासून हातभर अंतरावर थांबली.

ताईंनी हँडब्रेक ओढला, दार उघडलं, पण उभं राहता येईना. एसटीतून एक म्हातारी उतरली, सोनूबाई. तिने ताईंना धरून बसवलं. पाय सुजून टरटरीत झाला होता.

"एवढी कसली घाई गो बाय?" तिने विचारलं.

ताईंनी पेटीकडे बोट दाखवलं. सोनूबाई वैतागली. "आंबं नासलं तं पुढल्या सालाला येतील. पायाला काय पुना मोहोर येतो?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आंब्यांचं निमित्त ताईंचं होतं, पण त्यावर खूश मी झाले होते.

एसटीतल्या एका प्रवाशाने मला दापोलीच्या दवाखान्यापर्यंत चालवत नेलं. देवाची कृपा, गाठ झाली नव्हती. पण दोन दिवस मुक्काम करा आणि रोज चाला, असं डॉक्टर म्हणाले. ताईंनी दवाखान्याच्या ओट्यावर पेटी उघडली आणि येईल त्याच्या हातावर आंबा ठेवला. मग उर्वीला फोन लावला. "आंबे नाही पोचणार गं यंदा. मी पोचेन."

पलीकडून उर्वी रडवेल्या आवाजात म्हणाली, "तूच हवी होतीस, आई."

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी एकट्याने लांबच्या प्रवासाला निघालं, तर 'लवकर ये' म्हणू नका. 'थांबत थांबत ये' म्हणा. वाटेत समुद्र बघू दे, देऊळ बघू दे, चार पावलं चालू दे. आणि गाडी कुरकुरली, तर खुशाल कुरकुरू द्या.