हाताचा गुण

धम्मशीलाला पाणी तपासायच्या या कामातून मिळणार काय होतं, ते आधी पाहून घेऊ. पगार नव्हता. मिळणार होतं गळ्यात अडकवायचं ओळखपत्र, ग्रामसभेत बसायला खुर्ची, आणि गावानं तोंडावर 'ताई' म्हणणं. पहिल्या दोन गोष्टी पदरात पडल्या होत्या. तिसरीसाठी बाई इतकी आसुसली होती की ओळखपत्र गळ्यात घालूनच चुलीपुढं बसायची. नवरा प्रसेनजित म्हणायचा, "भाकरीचीबी तपासणी हाय का?"

लोणारला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. गावचं पाणी गावातल्याच बाईनं तपासायचं. औषध घातलेल्या छोट्या बाटलीत नळाचं पाणी खुणेपर्यंत भरायचं, झाकण लावायचं आणि उबेत ठेवायचं. दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर त्यात मैल्याचे जंतू. कोरं राहिलं तर पिण्याजोगं.

वैशाखात तिनं पहिली बाटली भरली ती आपल्या बौद्धवस्तीतल्या नळाची. पाइपलाइनचा हा शेवटचा नळ. दुसऱ्या सकाळी बाटली काजळीसारखी काळी. इनाम लागल्यासारखी ती बाटली घेऊन ग्रामपंचायतीत धावली.

सरपंच रुक्मिणीबाई, कारभार त्यांच्या यजमानांचा, इंद्रभानभाऊंचा. सोमवारी तालुक्याहून पथक येणार होतं आणि गावाला 'शुद्ध पाण्याचं गाव' अशी पाटी मिळणार होती. पाटीसाठी वेशीवर खांबही रोवून झाला होता. इंद्रभाननं बाटली हातात घेतली नाही, लांबूनच पाहिली.

"काऊन वं, हे पाण्यानं झालं का हातानं?"

"हातानं कसं होईन, भाऊ?"

"लोणचं नाई का नासत? एखादीचा हात लागला का आलाच बुरा. हाताहाताचा गुण असते."

बाकावरचे दोघं फिसकन हसले. जातीचं नाव कोणी काढलं नाही. काढायची गरजच नव्हती. गावात लोणच्याच्या बरणीला कोणाचा हात चालत नाही, हे धम्मशीलाला शाळेत नाव घालायच्या आधीपासून ठाऊक होतं.

"असं करू," इंद्रभान म्हणाला, "त्याच नळाची दुसरी बाटली सरपंचबाई भरन."

दोन दिवसांनी रुक्मिणीबाईंनी बाटली आणली. कोरी. काचेला वरून घाम सुटलेला.

"काकू, ठेवली कुठं होती?"

"फ्रिजात. म्हटलं उन्हाळ्याचं नासन-बिसन. दुधाच्या शेजारी ठेवली, जपून."

बाईंच्या मनात पाप नव्हतं. दूध जपावं तशी त्यांनी बाटली जपली होती. पण धम्मशीलाला कळायचं ते कळलं. गारव्यात जंतू वाढतच नाहीत. गटाराचं पाणी फ्रिजात ठेवलं असतं तरी ते कोरंच निघालं असतं. तिनं सांगायला तोंड उघडलं, तोच इंद्रभान जवळ सरकला. आवाजात गूळ.

"पाह्य धम्मशीला. तुही काळी, सरपंचबाईची कोरी. असं लिहिलं तर गाव काय म्हणन? हातच तसा. त्यापेक्षा हे कोरी तुह्याच नावानं लिही. पहिली चुकली म्हण. मंग तुह्या हाताले नाव ठेवाची कोणाची बिशाद हाय?"

खरं लिहावं, तर वाईट पाणी की वाईट हात हे गाव ठरवणार. आणि गावाचा निकाल बाकावर हसून झाला होता. खोटं लिहावं, तर आजी-पणजीपासून चिकटलेला डाग एका सहीत धुऊन निघणार. एवढा मोठा सौदा एवढ्या स्वस्तात तिला आजवर कोणी दिला नव्हता. तिनं रजिस्टरात लिहिलं: 'शेवटचा नळ, पिण्यास योग्य.' खाली सही केली.

"शाबास, ताई," इंद्रभान म्हणाला.

"टाकीत जंतू मारायची पावडर तेवढी टाका, भाऊ."

त्यानं टाकलीही. पण पाइप फुटला होता टाकीच्या कितीतरी खाली, वस्तीच्या तोंडाशी, नालीच्या पोटात.

वस्तीत मनकर्णाबाई राहायची. सत्तरीची, एकटी. काळ्या बाटलीची बातमी ऐकल्यापासून ती अर्ध्या मैलावरच्या हापशीचं पाणी आणत होती. सोमवारी पाटी लागली आणि ती धम्मशीलाच्या दारात आली.

"माय, तुही बाटली कोरी निघाली म्हणते?"

"हो... पण आजी, उकळून पेत जा."

"उकळून कायले? तुह्या हातची हाय ना? मंग झालं. मह्या पायाले आराम पडला बाप्पा."

धम्मशीला चुलीकडं वळली.

पंधरवड्यात वस्तीत उलट्या-जुलाब सुरू झाले. सत्तावीस जण बीबी गावच्या दवाखान्यात गेले. सव्वीस परत आले. मनकर्णाबाई आली नाही.

चौकशीला साहेब आले. त्यांनी रजिस्टर उघडलं.

"ही नोंद तुमचीच? बाटली कोरी होती?"

अख्खी वस्ती भोवती उभी होती. नाही म्हटलं, तर आपल्याच माणसांना हे पाणी आपण पाजलं, असं त्यांच्या तोंडावर सांगावं लागत होतं. प्रसेनजित तिच्याकडं पाहत होता. त्याला काळी बाटली आठवत होती.

"हो, साहेब."

"मग पाण्याचा प्रश्न मिटला," साहेब म्हणाले आणि पुढच्या घरी गेले. मनकर्णाबाईच्या शिंक्यावर दोन दिवसांची भाकर आणि वाळलेलं बेसन सापडलं. अहवालात मरणाचं कारण लिहिलं गेलं: 'शिळे अन्न.'

तर हिशेब असा. इंद्रभानला पाटी मिळाली. रुक्मिणीबाईंच्या घरी जारचं पाणी येतं, त्यांचं काही गेलं नाही. धम्मशीलाचा हात कागदावर स्वच्छ राहिला, आणि त्या दिवसापासून प्रसेनजित तिच्या हातचं पाणी मुकाट्यानं पितो, थट्टा करत नाही. सव्वीस जणांनी आठ-आठ दिवसांची मजुरी बुडवली. बाकी सगळं मनकर्णाबाईनं भरलं: आधी जीव, आणि मग सरकारी कागदावर स्वतःच्याच मरणाचा दोष, स्वतःच्याच चुलीच्या नावावर.